घामट हातांची झोई

सिसिलीच्या राजाच्या शिपायांनी आन्थूसाला ग्रीकांच्या थीब्ज शहरातून उचललं तेव्हा तिच्या एका हातात मागाचा धोटा होता आणि कडेवर अंगावर पिणारी लेक झोई. शिपायाने आधी धोटा बघितला, मग तिची बोटं उलटसुलट करून बघितली, आणि तिला सोन्याच्या पेट्यांबरोबर गलबतात चढवलं. नवरा दारातच मारला गेला. तो बिचारा मेंढ्या राखायचा. त्याच्या बोटांचा कुणाला उपयोग नव्हता.

सिसिली जिंकून बसलेले हे फ्रँक राजे म्हणजे घोडा आणि तलवार सोडली तर घरचं म्हणावं असं यांच्याकडे काही नाही. कारभार बघायला अरब, ऊस आणि लिंबू पिकवायला अरब, देवळाच्या भिंती सजवायला ग्रीक. अंगावर घालायला रेशीम तेवढं बाहेरून आणावं लागायचं, म्हणून यांनी विणणाऱ्या बायकाच लुटून आणल्या. राजवाड्याला लागून कारखाना होता. मागावर ग्रीक बायका, काठावरच्या जरीला अरब. त्या काठावर अरबी अक्षरांत राजाला उदंड आयुष्य मागितलेलं असायचं आणि तोच झगा घालून राजा येशूपुढे गुडघे टेकायचा. राजधानी पालेर्मोत यात कुणालाच वावगं वाटत नसे.

कारखान्यातली मुलगी हाताशी आली की तिलाही मागावर बसवत. एकदा बसली की ती तिथून मेल्यावरच उठायची. आन्थूसाने हे बघितलं. झोई हाताशी आल्यावर मुकादम जौहर पहिल्यांदा तिचे हात बघायला आला, त्याआधी तिने पोरीचे तळवे मिठाच्या पाण्यात बुडवले.

"हिचे हात घामट आहेत, मालक. बापावर गेलीय," ती म्हणाली.

घामट हातांचा रेशमाला विटाळ. डाग पडला की ठाण वाया जातं. जौहरने तोंड वाकडं केलं आणि झोईला स्वयंपाकघरात धाडलं. तेव्हापासून झोईने कांदे सोलले, वांगी भाजली, भांडी घासली, आणि जौहर यायच्या वेळी मुकाट्याने हात मिठाच्या पाण्यात बुडवले. अख्खा कारखाना तिला घामटी म्हणायचा. पोरी तिच्या हातून तिळाची भाकरीही घेत नसत.

"आई, मला शिकव ना गं. नुसता धोटा फेकून बघते," झोई म्हणायची.

"हात लावलास तर मोडीन! तुझी आई मागावर मेली, तेवढं पुरे."

"मेलीस कुठं? समोर तर बसलीयेस."

आन्थूसा तिला आणखी भांडी घासायला लावायची.

जरीकामाची मैमूना पालेर्मोचीच, सात पिढ्यांची. हे सोंग तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तिने कधी ब्र काढला नाही. एकदा तेवढी म्हणाली, "अगं, पोरीला वाचवतेयस की एकटी पाडतेयस?"

"तुला काय कळणार? तुझं गाव तुझ्या पायाखाली आहे."

"हो ना. गाव आमचं आणि धनी दुसरेच. मोठं सुख!"

आणि मग, झोई अकरा वर्षांची असताना, तह झाला. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सम्राटाने लुटून नेलेली आपली ग्रीक माणसं परत मागितली. राजाने उदार होऊन सगळे बंदिवान सोडले, फक्त रेशमाच्या विणकरणी सोडून. हे उदारपण ऐकून आन्थूसा हसली, आणि किती वर्षांनी हसली ते तिचं तिलाच आठवेना. मैमूनाला मिठी मारून म्हणाली, "झोई सुटली! माझ्या भावाचं घर आहे तिकडे. अंगणात अंजीर आहे. माझी पोर उन्हात बसेल गं!"

झोई ऐकत होती.

सुटणाऱ्यांची पारख अंगणात झाली. शेजारी फ्रँक कारकून उभा होता, म्हणून जौहरला काही झाकता येत नव्हतं. एरवी तो झाकणारा माणूस. देवळात क्रूसाची खूण करायचा आणि रमजानात गुपचूप उपाशी राहायचा. प्रत्येक पोरीच्या मुठीत त्याने पांढऱ्या रेशमाचा तुकडा दिला. डाग पडला की ती मोकळी, कोरडा निघाला की मागावर.

झोईचा नंबर आला. सकाळी आन्थूसाने स्वतः तिचे हात बुडवले होते. झोई पुढे गेली, थांबली, मागे वळली आणि आईच्या घागऱ्याला दोन्ही तळवे खसाखसा पुसले. आन्थूसाने तिचं मनगट धरेपर्यंत तिने मूठ आवळलेली होती.

जौहरने तुकडा उजेडात धरला. मग उलटून धरला. त्याला डाग हवा होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"कोरडा आहे," कारकूनच बोलला. "ही राहील."

आन्थूसाने सगळ्यांदेखत मुलीच्या थोबाडीत मारली. "सटवे! आयुष्य घातलं मी यात! का? का केलंस?"

"तिकडे माझं कोण आहे?" झोई रडत ओरडली. "तुझा भाऊ? त्याचं तोंड तरी बघितलंय मी? अंजीर तुझा, ऊन तुझं, गाव तुझं! मला तू हवीस, आई. दुसरं कुणी नाही मला."

आन्थूसाचा हात पुन्हा उगारला गेला आणि तसाच राहिला. त्या क्षणी तिला मुलीचा जितका राग आला तितका नवऱ्याला मारणाऱ्या शिपायाचाही आला नव्हता. आणि त्याच क्षणी, आतून कुठेतरी, पोर जवळ राहिली म्हणून बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला इतकी शरम वाटली की ती खालीच बसली.

झोईला शिकवायला तिलाच नेमलं. दुसरं कुणाला नेमणार, सगळ्यांत चांगला हात तिचाच. पहिले काही दिवस ती लेकीची नुसती बोटं धरून जागेवर ठेवायची. ती बोटं कोरडी होती, लांब होती आणि भराभर शिकत होती. कधीतरी आन्थूसाच्या आईची अशीच होती.

सुटलेल्यांना घेऊन गलबत निघालं तेव्हा बंदरावर कर्णे वाजले. झोईने मान वर करून खिडकीकडे बघितलं.

"खाली बघ," आन्थूसा म्हणाली. "धागा तुटेल."