बैलाशेजारचा माणूस

धसईच्या आसपास देवराम गोजर यांना ओळखत नाही असा मनुष्य विरळा. देवराम स्वतः मात्र माणसांना त्यांच्या तोंडावरून ओळखत नाहीत, त्यांच्या गुरांवरून ओळखतात. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी रीतीप्रमाणे नाव, गाव व हुद्दा सांगितला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "हां, म्हंजे त्या एका डोळ्यानं आंधळ्या म्हशीवाल्यांचे तुमी!" ती म्हैस एकाहत्तर साली मेली. मी पुढे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो, पण देवरामांच्या लेखी मी अद्यापही त्या म्हशीवाल्यांचाच आहे.

देवरामांचे वय चौऱ्याहत्तर. अडीच एकर भातशेती, मुरबाडच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे पहारेकऱ्याची नोकरी, आणि तानीबाईंसारखी खमकी पत्नी, एवढी त्यांची मिळकत. यंत्राने नांगरणी सुरू झाल्यापासून गोठा रिकामा आहे. तरीही रस्त्याने बैल जाताना दिसला की ते थांबतात, त्याच्याभोवती एक फेरी मारतात, पाठीवरचे केसांचे भोवरे पाहतात आणि मगच पुढे जातात. या सवयीपायी त्यांच्या किती एस. टी. बस चुकल्या, याची मोजदाद तानीबाईंनी सोडून दिली आहे.

गेल्या पौषात, म्हसा गावच्या जत्रेच्या तोंडावर, आमच्या वाचनालयाने इंग्रजी अमदानीतील छायाचित्रांचे प्रदर्शन मांडावयाचे ठरवले. परदेशातील एका संग्रहालयाकडून बावीस छायाचित्रांच्या प्रती, मागील नोंदींसह, मिळाल्या होत्या. चित्रांखालील मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी एकच नियम केला : लेखी पुराव्यावाचून कोणाचेही नाव लिहावयाचे नाही. नियमाला कारण होते. सिद्धगडाच्या पायथ्याशी घोड्यावर बसलेल्या एका साहेबामागे छत्री धरून उभा असलेला इसम आपलाच पणजोबा असल्याचे, पहिल्या दोन दिवसांत पाच घरांनी मला कळवले होते.

चित्र क्रमांक सतरा म्हशाच्या गुरांच्या बाजाराचे होते. जानेवारी १९२७. मध्यभागी एक प्रचंड पांढरा बैल, त्याची दोरी धरलेला एक किडकिडीत, फेटेवाला माणूस, आणि बाकीची सारी मंडळी बरीच लांब, कुंपणापलीकडे. मागे छायाचित्र काढणाऱ्या साहेबाने लिहिले होते : "उत्कृष्ट बैल. उंची पंचावन्न इंच, छातीचा घेर अठ्ठ्याहत्तर इंच, डाव्या शिंगाचे टोक तुटलेले. स्वभाव वाईट. शेजारी एक देशी माणूस." त्या माणसाची उंची, घेर अथवा स्वभाव यांविषयी साहेबाला काही नमूद करावेसे वाटले नव्हते.

उद्घाटनाला दोन दिवस असताना देवराम वाचनालयात आले. सोळा चित्रे त्यांनी चालता चालता पाहिली. सतराव्यापाशी थांबले आणि मोठ्याने ओरडले, "हौश्या!"

वाचनालयाचे कारकून शेखर धावत आले. "काय झालं, देवरामदादा?"

"हा आमचा हौश्या. आणि दोरी धरलीय तो माझा आजा, गणू गोजर."

"आज्याला पाहिलंत का तुमी कधी?"

"नाय. माझ्या जन्माआधीच गेला तो."

"मग हौश्याला पाहिलंत?"

"तोबी आधीच गेला. पण माझ्या बापानं मला आज्याचं तोंड कवा सांगितलं नाय, शिंग सांगितलं. डावं, टोक तुटलेलं. बघ!"

शेखर हसून म्हणाले, "दादा, बैल तुमचा असंल. माणूस बैलाचा गडी कशावरून नाय?"

हे देवरामांना लागले. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, आज्याचा दुसरा फोटू जगात नाय. परवा सगळा तालुका येणार, आणि माझा आजा 'एक देशी माणूस' म्हणून टांगलेला ऱ्हाणार? नाव लिवा."

मी नियम सांगितला. लेखी पुरावा.

"आहे!" ते म्हणाले, आणि पुढची बस पकडण्यासाठी निघाले. वाटेत बैल आडवा आला नसावा, कारण बस मिळाली.

दुसऱ्या दिवशी ते तानीबाईंसह हजर झाले. लुगड्यात गुंडाळलेली एक लाकडी चौकट टेबलावर ठेवण्यात आली. त्याच बाजारात उत्कृष्ट जनावराबद्दल दिलेले ते प्रशस्तिपत्र होते. मजकूर छापील, रिकाम्या जागा मोडी अक्षरांत भरलेल्या. मी भिंग लावून वाचू लागलो. बैल पांढरा, उंची पंचावन्न इंच, डाव्या शिंगाचे टोक नाही. सर्व तंतोतंत जुळत होते. शेवटची ओळ "मालकाचे नाव" अशी होती, आणि तिच्यापुढे कुंकवाचा बोटभर जाड, काळपट थर होता.

"हे काय?" मी विचारले.

देवराम तानीबाईंकडे पाहू लागले. तानीबाई छताकडे.

उलगडा असा झाला. दिवाळीच्या पाडव्याला गोजरांच्या घरी बैलांची पूजा होते. हौश्या गेल्यावर पहिला मान त्याच्या या कागदाला मिळू लागला, आणि गोठा रिकामा झाल्यावर तर सगळाच मान त्याला. चौकटीची काच कधीच फुटलेली. सासूने सुनेला दाखवून ठेवले होते, "आजासासऱ्याचं नाव इथं हाय, इथंच लाव." दोघींनी मिळून साठ-सत्तर वर्षे नेमके तिथेच कुंकू लावले.

"गो, एवढा कागद मोकळा होता!" देवराम म्हणाले.

"मग काय बैलाच्या शिंगाला लावू? मान माणसाचा असतो."

देवरामांनी लगेच पवित्रा बदलला. "मास्तर, हाच पुरावा. दुसऱ्याच्या आज्याच्या नावाला माझी आय आणि माझी बायको सत्तर वर्सं कुंकू लावतील?"

शेखरांनी मान डोलावली. युक्तिवाद मलाही पटला. परंतु कुंकवाचा डाग हा लेखी पुरावा मानता येत नाही, असे मी जड अंतःकरणाने सांगितले. देवराम खुर्चीत बसले.

तानीबाईच शेवटी पुढे झाल्या. "पुढून नाय दिसत तर मागून बघा की! दर साली वाळवी बघायला काढते मी. शाई पलीकडं फुटलीय."

आम्ही मागची फळी काढली. जुनी शाई खरोखरच कागदात मुरून पाठीवर उमटली होती, मात्र उलटी. शेखरांनी फोनवर फोटो काढून तो आरशातल्यासारखा उलटवला. मी वाचले : "गणू बिन धाऊ गोजर." म्हणजे धाऊचा मुलगा गणू.

देवरामांनी टाळी वाजवली. परंतु शेखरांचा कालचा प्रश्न शिल्लक होता, आणि तो मला विचारावाच लागला. मालक गणू हे सिद्ध झाले. दोरी धरणाराही गणूच कशावरून?

"मास्तर," देवराम शांतपणे म्हणाले, "हौश्या आज्याबिगर कुणाला अंगाशी येऊ देत नव्हता. माझ्या आजीला दोनदा शेणकुंडात टाकलं त्यानं. दुसरा कोण धरतोय दोरी? बाकीचे कुठं हायेत बघा ना!"

मी चित्राकडे पाहिले. बाकीचे सर्व कुंपणापलीकडे होते. मग साहेबाची नोंद पुन्हा वाचली : स्वभाव वाईट. लेखी पुरावा पूर्ण झाला.

चित्राखालील जुनी पट्टी मी स्वतः फाडली आणि नवी लिहिली : "गणू धाऊ गोजर. शेजारी त्यांचा बैल हौश्या." माणसाचे नाव आधी. देवरामांनी ती दोनदा वाचली आणि तक्रार केली, "हौश्याची उंची ऱ्हायली." मी उंचीही घातली.

उद्घाटनाच्या सकाळी तानीबाई हळदकुंकवाचे ताट घेऊन आल्या आणि थेट सतरा क्रमांकापाशी गेल्या. मी धावलो. मजकुराची पट्टी उघडी होती, काच फक्त चित्रावर होती.

"घाबरू नका, मास्तर," त्या म्हणाल्या, "नावाला नाय लावत आता."

त्यांनी काचेवर, हौश्याच्या कपाळी, बोटभर कुंकू लावले. पट्टीवरचे नाव स्वच्छ राहिले. प्रदर्शन आठ दिवस चालले. काच पुसावयाची नाही, अशी सूचना मी शेखरांना लेखी दिली होती.