मागणारा आधी

कुणाच्याही पडद्यावर एररची लांबलचक रांग लागली की आमचे सीनियर नाखवा खुर्चीसकट घरंगळत यायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायचे. आमच्या कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "वरती जावा," म्हणायचे. "अजून वरती. शेवटची ओळ नुसती रडते, वैनी. काय झाला ता पयली ओळ सांगते."

पनवेलच्या बाजारामागे दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस. न्हावा शेव्याला जाणाऱ्या ट्रकांचं वजन, कंटेनरचे नंबर, गेटपास, असलं सॉफ्टवेअर आम्ही युनिक्सवर बनवतो. मुलगी कॉलेजात गेल्यावर, म्हणजे मध्ये बरीच वर्षं नुसत्या पोळ्या लाटून झाल्यावर, मी तिथे पुन्हा नोकरीला लागले. सुरुवातीलाच माझा एक प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल झाला आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग सगळे तुकडे जोडून एक करायची वेळ आली, तेव्हा लिंकरनं पडदाभर बोंब ठोकली: अनडिफाइन्ड रेफरन्स. वजनकाट्याचं फंक्शन म्हणे सापडत नाही! ते ज्या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या गठ्ठ्यात होतं, ती तर समोर दिसत होती. मी ती पुन्हा कॉपी केली, मशीन बंद करून चालू केलं, आणि शेवटी घरच्या मिक्सरला मारते तशी त्याला एक चापटही मारली.

नाखवा आले. "त्याला कशाला मारता? तो गरीब खरा सांगतोय. नाव ऐकलाय त्यानं, पन मानूस नाय भेटला."

"अहो, लायब्ररी दिलीय की मी!"

"दिली. पन कवा दिली?" त्यांनी हनुवटीनं माझी कमांड दाखवली. मी लायब्ररीचं नाव आधी लिहिलं होतं आणि माझी फाइल नंतर. "वैनी, पंगतीत वाढपी कसा फिरतो? लिंकर तसाच. डावीकडनं निघतो, उजवीकडं जातो, मागं वळून बघत नाय. भाकरीची टोपली आली तवा पानावर कोनीच नव्हता, त तो वाढनार कोनाला? टोपली गेली पुढं. मंग तुमची फाइल येऊन बसली आनि बोंबलतेय, भाकरी नाय, भाकरी नाय. मागनारा आधी बसवा. देनारा मागनं."

मी दोन नावांची अदलाबदल केली. प्रोग्राम निमूट जोडला गेला. घरी कौतुकानं सांगितलं तर नवरा म्हणाला, "तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर शिकवतात की केटरिंग?"

नाखवा म्हणजे होडीचा तांडेल, कप्तान. हे गृहस्थ उरणच्या कोळीवाड्यातले खरे, पण होडीत पाय ठेवला की उलट्या. म्हणून शिकले आणि कॉम्प्युटरकडे वळले. वडिलांची होडी धाकट्या भावानं, काशिनाथनं सांभाळली. 'जमिनीवरचा नाखवा' हे त्यानंच चिडवून ठेवलेलं नाव. मी शाकाहारी, म्हणून डब्यातल्या बोंबलांपासून लांब, वेगळ्या फडक्यात, माझ्यासाठी तांदळाची भाकरी यायची. स्वतःसाठी मात्र या माणसानं कधी कुणाकडे पेलाभर पाणी मागितलं नाही.

मग एका मे महिन्यात ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून येऊ लागले. पनवेलचा मे! येता-जाता आम्ही रुमाल पिळत होतो. मी म्हटलं, "काय नाखवा, कुणाच्या हळदीला?"

"एसी लागतोय, वैनी."

त्या बाहीखाली डायलिसिसच्या सुयांच्या खुणा होत्या. ते चक्कर येऊन ऑफिसात पडले तेव्हा आम्हाला त्या दिसल्या.

काशिनाथलाही तेव्हाच कळलं. आपलं मूत्रपिंड द्यायला तो एका पायावर तयार झाला. तपासण्या झाल्या, जुळलंही. पण तोवर नाखवांचं हृदय पार थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन झेपायचं नाही. आधी यायला हवं होतं.

हॉस्पिटलात मी त्यांच्यावर चक्क ओरडले. आजारी माणसाशी कसं बोलावं हे मला कधीच कळलेलं नाही. "भावाला का नाही सांगितलंत?"

"त्याचे पोरीचा लगीन होता. मंग नवी होडी आली. बोल्लो, होऊ दे त्याचा."

"आणि आम्हाला शिकवत होतात, मागणारा आधी बसवा!"

ते डोळे मिटून हसले. "क्रम चुकला, वैनी." मग म्हणाले, "तुमची कमांड बरी. खोडून परत लिवता आली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

बाराव्याला आम्ही उरणला गेलो. अंगणात पंगत बसली होती. भिंतीकडेला एक पान नाखवांच्या नावाचं मांडलं होतं, त्यावर भात, भाकरी आणि बोंबलांचं कालवण. काशिनाथ भाकरीची टोपली घेऊन फिरत होता. माझ्यापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "वैनी, मना नुसती हाक मारली असती ना, त भर समिंदरातनं होडी फिरवून आलो असतो."

तो पुढे गेला. रांगेच्या टोकापर्यंत वाढत गेला आणि तिथून वळून मागे आला, त्या भिंतीकडच्या पानापाशी. पानात एक भाकरी होती, तरी त्यानं अजून एक ठेवली. मग अजून एक. आमच्याकडे जेवणारा पुरे म्हणेपर्यंत वाढायचं असतं. तो टोपली धरून तिथेच उभा राहिला.