गिऱ्हाईक हललं तर

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. बारा वर्षं मी मेंदूचा स्कॅन काढणाऱ्या मशीनवर बसते. लोकांना वाटतं, काम मशीन करतं, ही बाई नुसती बटणं दाबते. अहो, बटणं कोणीही दाबेल. खरं काम आहे आत झोपलेल्या माणसाला न हलू देणं, आणि माणसाला दुसरं काहीही सांगा, पण गप पड म्हणून सांगू नका. नाक खाजतं, खोकला येतो, डोळा लागतो आणि दचकून जाग येते. एका बाईंनी आत गेल्या गेल्या आपली पर्स कुठे आहे हे बघायला मान वळवली. पर्स बाहेर नवऱ्याच्या मांडीवर होती. डोकं तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं तरी चित्र पुसट येतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

काका आमच्याकडे मदतनीस. पेशंटची अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं, टेबलावर झोपवायचं, कानात बोळे घालायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावायच्या आणि वरून जाळीचा पिंजरा बसवायचा, हे त्यांचं काम. पन्नाशीपर्यंत त्यांचं स्वतःचं सलून होतं. ती इमारत पाडली, नवी बांधली आणि नव्या इमारतीत सलूनला जागा ठेवायची मालक विसरला. मग मेहुण्याने त्यांना इथे चिकटवून दिलं. पण जित्याची खोड म्हणतात ना, तसं काका माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या केसांकडे बघतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की तुमचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. तेव्हापासून डॉक्टर लिफ्टच्या आरशासमोर मान तिरकी करून उभे असतात, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या सोमवारी आमच्याकडे एक गृहस्थ आले. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. तीस वर्षं तेच काम. आवाज असा की दार बंद असूनही मला आत ऐकू आला. बरोबर बायको होती, हातात कागदांची पिशवी घट्ट धरलेली. त्यांच्या मेंदूत डाव्या कानाच्या वर लिंबाएवढी गाठ निघाली होती. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. पण त्याच भागात बोलण्याची जागा असते, आणि ती प्रत्येकाची थोडी इकडे-तिकडे असते. सर्जनना तिचा स्पष्ट नकाशा हवा होता. नकाशा नाही मिळाला तर एक तर गाठ अर्धी आत ठेवावी लागेल, नाही तर बोलणं जाण्याचा धोका पत्करावा लागेल.

"ताई, ह्यांचं बोलणं गेलं तर मागे राहील काय?" वहिनींनी मला विचारलं. मी फॉर्म पुढे केला.

नकाशा काढायची रीत सोपी आहे. आत समोरच्या आरशात शब्द दिसतो, भाज्या. पेशंटने मनातल्या मनात भाज्यांची नावं घ्यायची. ओठ हलवायचे नाहीत. मग थांबा असं दिसतं, तेव्हा थांबायचं. बोलण्याचा भाग जागा होतो आणि मशीनला दिसतो. आता लिलाववाल्याला भाज्यांची नावं घ्यायला सांगणं म्हणजे मासळीला पोहायला सांगण्यासारखं. त्यांनी नावं घेतली, झकास घेतली, आणि प्रत्येक नावाला मान खाली आणली. सौदा पक्का करताना आणतात तशी. माझ्या पडद्यावर डोक्याची हालचाल दाखवणारी एक रेघ असते. ती सरळ हवी. इथे डोंगररांग उमटली.

मी माईकवरून झापलं. हलू नका म्हटलं. ते म्हणाले, "हललो कुठे?" आणि खरंच, त्या माणसाला ते ठाऊकच नव्हतं.

मंगळवारी मी कंबर कसली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा अशा ठासल्या की गालफडं वर आली. दर दोन मिनिटांनी विचारत राहिले, ठीक आहात ना. रेघ सोमवारपेक्षा वाईट. मग माझं डोकं फिरलं. फॉर्मवर एक ओळ असते, ती भरून टाकली: रुग्ण सहकार्य करत नाही. सही केली.

काकांनी ती ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"ताई, असं लिहू नये."

"मग काय लिहू? दोनदा सांगितलं, दोनदा हलले. माझी चूक आहे का?"

"आमच्या धंद्यात," काका म्हणाले, "गिऱ्हाईक हललं आणि कापलं, तर चूक गिऱ्हाइकाची नसते. वस्तरा कोणाच्या हातात होता?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं मशीनवर बसणाऱ्या बाईला उशा लावणाऱ्याने शिकवावं? त्या दुपारी मी डबा एकटीने खाल्ला. पण काकांचा वस्तरा डोक्यातून जाईना. कारण ही ओळ माझ्या हातून किती फॉर्मवर गेली होती, ते मलाच माहीत होतं. आणि वहिनी बाहेर बाकावर तशाच बसून होत्या. शुक्रवार तीन दिवसांवर आला होता.

बुधवारी सकाळी मी काकांना म्हटलं, "घ्या. तुमचं गिऱ्हाईक."

काकांनी आधी निम्म्या उशा काढून टाकल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "डोकं दाबून धरलं की माणूस मान ताठ करतो, उलट ढकलतो. कुणीही. लहान पोरसुद्धा." मग त्यांनी लिलाववाल्यांना बाहेरच्या स्टुलावर बसवलं, त्यांच्या कपाळावर आपलं एक बोट टेकवलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं. "घ्या भाज्यांची नावं. मनात."

मान लगेच खाली आली. बोट जागचं हललं नाही.

"बोट लागलं?" काकांनी विचारलं.

"लागलं की. म्हणजे मी हलतोय?" लिलाववाले चकित झाले. तीस वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण, समोरचे सगळे भाव ऐकत होते.

दहा मिनिटं हा खेळ चालला. मान खाली येता येता अर्ध्यावर थांबायला लागली, मग नुसती थरथरायला लागली, मग तेही नाही. काका म्हणाले, आत माझं बोट येणार नाही, त्याऐवजी ही पट्टी. आत टेबलावर झोपवल्यावर, जखमेला लावतात ती कागदी चिकटपट्टी त्यांनी कपाळावरून आडवी लावली आणि तिची टोकं पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना डकवली.

"ही पट्टी डोकं धरणार?" मी म्हटलं. "शिंकेने तुटेल."

"धरायला नाहीच लावली. कळायला लावलीय. हलले की कातडी ओढली जाईल, त्यांचं त्यांना कळेल." आणि मी खुर्चीत बसत होते तेव्हा हळूच म्हणाले, "आणि ताई, मधे मधे ठीक आहात का विचारू नका. सभ्य माणूस आहे, मान हलवून हो म्हणतो."

बारा वर्षं. बारा वर्षं मी लोकांना प्रश्न विचारून त्यांची मान हलवत होते आणि वर त्यांनाच रागवत होते.

मशीन सुरू झालं. पहिल्या नावाला रेघ जराशी उचलली आणि आपली आपण खाली बसली. दुसऱ्यांदा उचललीच नाही. सहा मिनिटं ती रेघ सरळ चालत राहिली आणि तेवढा वेळ मी पेनाचं टोपण चावून चपटं केलं. वहिनी काचेबाहेरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी अंगठा वर केला, तेव्हा त्या खाली बसल्या.

गुरुवारी सर्जन आले. पडद्यावर गाठ दिसत होती आणि तिच्या पुढच्या कडेला, अगदी चिकटून, एक लाल डाग. तीच बोलण्याची जागा. सर्जन त्या लाल डागावर बोट ठेवून म्हणाले, "मी इथूनच शिरणार होतो."

काकांनी विचारलं, "आता?"

"आता मागून जाईन," ते म्हणाले. मी फॉर्म काढला, ती ओळ खोडली आणि खोडल्याखाली सही केली.

ऑपरेशन झालं. पण चार दिवस लिलाववाले बोलले नाहीत. सर्जन म्हणाले, सूज आहे, उतरेल. घरी जाताना हो, नाही आणि पाणी एवढे तीन शब्द होते. वहिनी आम्हाला भेटून गेल्या, हसल्यासुद्धा, पण ते हसू आम्हाला बरं वाटावं म्हणून होतं. नंतर तीन आठवडे मी आणि काकांनी तो विषय काढला नाही.

टाके काढल्यावर दाखवायला ते आले, तेव्हा आवाज आधी आला. पूर्वीसारखा दार फोडून नव्हे, जरा अडखळत, पण आला. काकांनी त्यांच्या डोक्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. एका बाजूला खुंट, दुसऱ्या बाजूला झुलपं.

"कुणी केलंय हे? गवत कापायचं मशीन फिरवलंय नुसतं. बसा."

बाहेरच्या खोलीत स्टूल मांडलं. काकांनी आपल्या कपाटातून कात्री-कंगवा काढला, वहिनींनी खांद्यावर टॉवेल टाकला. लिलाववाले सांगायला लागले. बाजारात कालच जाऊन आलो, नवा पोऱ्या पुकारतो, त्याला दम नाही, कोबीचा भाव असा सांगतो जणू कोबीची माफी मागतोय. एखादा शब्द अडला की थांबायचे, हाताने शोधायचे, सापडला की मान खाली आणून ठोकायचे. वहिनी एकही शब्द सोडत नव्हत्या. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

कात्री कानाजवळ आली आणि मान पुन्हा खाली गेली. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "अहो, हलू नका."

"हलू द्या, ताई," काका म्हणाले. "बोलतायत ना ते."

आणि त्या हलणाऱ्या डोक्याच्या मागे मागे ते कात्री चालवत राहिले.