पुन्हा मोडलेला जबडा

मेंढ्याची धडक बसून माझा जबडा मोडला तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासर सिरसाळ्याच्या पलीकडं, घरात मेंढरं. गावातल्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं फडकं आवळून बांधलं. हाड जुळलं, पण वाकडं. हनुवटी डावीकडं सरकली आणि दातावर दात बसेनात. भाकरी पाण्यात कुस्करून गिळायची. सासूनं सांगितलं, चार माणसांत तोंडावर पदर घेऊन बसायचं.

वर्षभर बसले. मग माहेरी गेले आणि दादांना, म्हणजे वडलांना, म्हणाले, "मला छावणीच्या दवाखान्यात न्या."

लष्कराची छावणी अंबाजोगाईला, तेव्हा निजामाच्या कागदोपत्री त्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. तिथले डॉक्टर नुकतेच परदेशातल्या लढाईवरून परतले होते. गोळीनं जबडे फुटलेले शिपाई त्यांनी तिथं बरे केले होते. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरून पाहिली.

"फिर से तोडना पडेगा, बेटी."

बाकीचं कंपाउंडरनं मराठीत सांगितलं. जुळलेलं हाड करवतीनं कापायचं, सरळ लावून चांदीच्या तारेनं शिवायचं, आणि वरचे-खालचे दात एकमेकांना बांधून टाकायचे. सहा आठवडे तोंड बंद.

दादा म्हणाले, "जिवाला काय झालं तर?"

"व्हायचं ते होऊ द्या. आता मागं फिरणार न्हाई."

क्लोरोफॉर्मचा गोडसर वास तेवढा आठवतो. शुद्धीवर आले तेव्हा तोंड तारांनी बंद होतं आणि उशाशी पक्कड ठेवलेली. उलटी झालीच तर तारा तोडायला. मागच्या दाढेजवळच्या फटीतून आई नळीनं दूध आणि वरणाचं पाणी सोडायची.

दहाव्या दिवशी सासू आली, मागं माझे मालक.

"जुळलेलं हाड मोडून घेतलं हिनं," सासू म्हणाली. "त्या तारा काढाय लाव अन् आत्ताच्या आत्ता घरी चल. न्हाईतर लेकाचं दुसरं लगीन लावते."

मला बोलता येत नव्हतं. मी तिच्याकडं बघत मान हलवली. नाही. तिनं पुन्हा बजावलं, मी पुन्हा हलवली. जबड्यातून कळ मस्तकात गेली, तरी नजर खाली घातली नाही. मालक मात्र फरशीकडं बघत होते.

सहा आठवड्यांनी तारा निघाल्या. तोंड बोटभर उघडेना. लाकडाची पाचर दातांत धरून रोज थोडं थोडं उघडायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, पण एक दिवसही चुकवला नाही. हनुवटी अगदी मधोमध आली नाही, पण दातावर दात बसले.

नंतर मालक माहेरी एकटेच आले. "आई म्हणती, दुसऱ्या लग्नाचं राहू दे, तू ये."

"अन् तुमी?"

"मी बी म्हणतो."

"मग त्या दिवशी दवाखान्यात माझ्या बाजूनं का न्हाई बोलला? तोंड तर माझं बांधलं होतं."

त्यांनी माझं गाठोडं उचललं. मी गेले. सासू शेवटपर्यंत माझ्याशी तुटकच बोलली. पुढं धाकट्या जावेचा हात मोडला, तेव्हा मी बैलगाडी जुंपायला लावली आणि तिला छावणीला घेऊन गेले. घरात कुणाला विचारलं नाही.