नाखीच्या हातातला चाबूक

हुनेरोला मी वहिनी म्हणायचो. तिचा नवरा नाखी आणि मी एकाच गल्लीत वाढलो, नदीच्या पश्चिम काठावर, टेकडीखालच्या वस्तीत. मी केन्ना मिस्त्रीच्या कारखान्यात बाहुल्यांवर नावं लिहायला लागलो आणि नाखी जन्मभर गाळ उपसत राहिला.

पूर ओसरला की कालवे साफ करायला वेठीची माणसं धरतात. घरटी एक. ज्यांच्या दारात चार गाढवं असतात ते स्वतः जात नाहीत, दुसऱ्याला पाठवतात. नाखी आपल्या नावानं जितक्या वेळा गेला, त्याच्या दुप्पट दुसऱ्यांच्या नावानं गेला. धान्यकोठीचा कारभारी उसेरहात याच्या मेव्हण्याच्या नावानं तर तीन वर्षं. टोपल्या वाहून त्याचा डावा खांदा कायमचा खाली गेला होता. शेवटच्या हंगामात अंगात ताप असताना तो कालव्याच्या काठावर टेकला, म्हणून मुकादमानं त्याला चाबकानं फोडला. चौघांनी दाराच्या फळीवर घालून घरी आणला. चौथ्या दिवशी गेला. मुकादमाला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. का विचारतील? तो उसेरहातचा माणूस.

मेल्यावर तरी सुटका असावी, पण तीही नाही. पलीकडच्या बोरूच्या देशातही शेतं आहेत, बांध आहेत, वाळू उपसायची आहे, आणि तिथेही नाव पुकारतात. म्हणून मढ्यासोबत ओ देणारी बाहुली ठेवायची. पुकारा झाला की ती म्हणते, "हा मी, आलो," आणि मालकाऐवजी कुदळ उचलते. मोठ्या लोकांच्या थडग्यात अशा चारशे एक असतात. वर्षाच्या दर दिवसाला एक, आणि दर दहांवर एक चाबूकवाला मुकादम. आमच्यासारख्यांकडे एखादी, तीही साच्यातली, मातीची.

हुनेरोला लाकडाची हवी होती. ती विणकर. नाखीचं मढं टिकावं म्हणून मिठात ठेवलं होतं तेवढे दिवस ती मागावरून उठली नाही आणि जवसाच्या सुताचा एक उत्तम तागा तिनं केन्नापुढे आणून ठेवला.

"याचा डावा खांदा खाली घ्या," ती म्हणाली.

केन्ना हसला. "अगं, तिकडे सगळ्यांना धड शरीर मिळतं. वाकडा खांदा कशाला न्यायचा?"

"धड खांद्याच्या माणसाला मी ओळखत नाही. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

केन्नाला जमत होतं. त्यानं उंबराच्या लाकडाचा नाखी कोरला. साधं धोतर नेसलेला, खांदा उतरलेला, दोन्ही हातांत रंगवलेल्या कुदळी. बाहुली ज्याच्या नावाची त्याच्यासाठीच राबते, म्हणून छातीखाली नाखीचं नाव मी लिहिलं.

नाखी गेला त्याच सुमारास उसेरहातचा बाप वारला होता आणि त्याच्या चारशे एक बाहुल्या आमच्याकडेच होत होत्या. मजूर मातीचे, मुकादम लाकडी. शेवटच्या दिवशी एका मुकादमाला उभी चीर गेली. केन्नानं इकडेतिकडे पाहिलं आणि फळीवरचा नाखी माझ्यापुढे ठेवला.

"कुदळी पुसून टाक. चाबूक रंगव. नाव बदल."

"मिस्त्री, ही हुनेरोची आहे."

"तिला साच्यातली दे. मेलेला माणूस तक्रार घेऊन येतो का?"

मी ते केलं. हात थरथरला असं सांगितलं तर बरं दिसेल, पण थरथरला नाही. चुन्याचा हात दिला, चाबूक रंगवला, उसेरहातच्या बापाचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं. पोटाचा प्रश्न होता, असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्येक हरामखोर हेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुनेरो न्यायला आली. केन्नानं मातीची बाहुली पुढे केली. "लाकूड तडकलं बाई. ही घे, पक्की भाजलेली आहे."

तिनं हात पुढे केला नाही. सुपात वाळत ठेवलेल्या मुकादमांच्या रांगेत एकाचा खांदा उतरलेला होता. ती तिकडे गेली आणि नुसती पाहत राहिली.

"हा कोण?"

"तो मोठ्यांच्या घरचा. हात लावू नकोस."

"याच्या हातात चाबूक कोणी दिला?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच कारखान्यातले सगळे हात थांबले. "ज्यानं पाठ फोडून घेतली त्याच्या हातात चाबूक? आणि हा आता तिकडे जाऊन उसेरहातच्या बापासाठी माणसं झोडपणार, आणि माझा नवरा कुदळ धरणार. खरा, स्वतः. जिवंतपणी यांच्या नावानं मेला तेवढं पुरलं नाही का रे तुम्हाला?"

केन्नानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. दुपारी उसेरहातचे नोकर सुपं घेऊन गेले.

संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली.

"भावोजी, चुन्याखाली कोणाचं नाव आहे?"

"नाखीचं."

"वरचं कोणी लिहिलं?"

मी बोटांवरचा चुना चोळू लागलो.

"बोला."

"मी लिहिलं, वहिनी."

मला वाटलं थुंकेल. ती म्हणाली, "मग परवा देवापुढे हेच बोला."

परवा वस्तीच्या देवाचा सण होता. देवाची पालखी खांद्यावर घेऊन पुजारी निघतात आणि ज्याला न्याय हवा तो आडवा उभा राहतो. पालखी पुढे आली तर हो, मागे सरली तर नाही. हुनेरो भर रस्त्यात उभी राहिली. उसेरहात पांढऱ्याशुभ्र तलम कापडात पुढच्याच रांगेत होता. बापाची माती सणानंतर व्हायची होती, म्हणून बाहुल्या अजून त्याच्या घरीच होत्या.

तिनं गाऱ्हाणं सांगितलं. उसेरहात शेजाऱ्याकडे पाहून हसला. "वीतभर लाकडासाठी देवाला थांबवलंस? मी तुला दहा मातीच्या देतो. दहा नाखी."

"तुम्ही एकाच नाखीकडून दहांचं काम करून घेतलंत. मला दहा नकोत. माझा एक द्या."

"नाव माझ्या वडिलांचं आहे त्याच्यावर."

तेव्हा मी पुढे झालो. "वरचं नाव मी लिहिलं, खालचंही मीच लिहिलं. चुना खरवडा. खाली नाखी आहे."

केन्ना गर्दीतून माझ्याकडे असा पाहत होता, जणू मीच चोर. हुनेरोनं देवाला विचारलं, "ती माझ्या नवऱ्याची आहे का?" पालखी डुलली, थांबली आणि चांगली चार पावलं पुढे आली. उसेरहात पुटपुटला की खांदेकरी हिच्याच गल्लीतले दिसतात. ते त्याच्या आळीतले होते.

बाहुली परत आली. मला कारखान्यातून काढलं ते त्याच संध्याकाळी. हुनेरोच्या अंगणात बसून मी चुना खरवडला, चाबूक घासून काढला, नाखीचं नाव उजळलं. मग कुदळी पुन्हा रंगवायला घेतल्या, तर तिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या."

"वहिनी, मग पुकारा झाला की हा काम कशानं करणार?"

"नाहीच करणार. हाक मारतील तर उभा राहील आणि मोकळे हात दाखवील. कुदळ त्यांनी आणावी आणि त्यांनीच धरावी."

तसाच, रिकाम्या हातांचा, तो नाखीच्या उशाशी गेला. पुजाऱ्यानं नाक मुरडलं. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

उसेरहातनं देवाचा कौल मानला, असं लोक अजून कौतुकानं सांगतात. काय मानला? केन्नाला बोल लागला नाही, मुकादमाला नाही, त्याला स्वतःला तर नाहीच. आठ दिवसांत हुनेरोच्या दारात शिपाई आला. नाखीच्या घरची वेठ अर्धवट राहिली होती म्हणे. घरात पुरुष नाही, तर बाईनं कोठीवर दळायला यावं. नवरा वेठीवर मेला, ती वेठ अर्धवट! मी भांडायला निघालो, तर तिनंच अडवलं. "तुमच्या हातात अक्षर आहे, भावोजी, ते मोडून घेऊ नका. मला दळता येतं."

दोन महिने ती तिथे गुडघ्यांवर बसून दगडावर गहू रगडत होती. मी त्या काळात मडक्यांवर खुणा काढून पोट भरत होतो.

सुटली त्या दिवशी घरी न जाता ती भाकरी आणि कांदे घेऊन सरळ टेकडीवर गेली. मी सोबत होतो, थोडा खालीच थांबलो. थडग्याच्या तोंडाशी बसून तिनं नाखीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. लाकूड, चुना, पालखी, दळण. मग उसेरहातच्या सात पिढ्या उद्धरल्या, एकेकाला नावानं. बराच वेळ चाललं होतं. एका आजोबाचं नाव चुकलं, तेव्हा थांबून तिनं मला हाक मारून विचारलं, आणि मी सांगितल्यावर ती शिवी पुन्हा पहिल्यापासून, नीट दिली.