विहीणबाईंची पर्स

जगात माझ्या विहीणबाईंइतकी संशयी बाई दुसरी नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण आधी कबूल करते: परक्या देशात, भर लग्नात, दुसऱ्याच्या पर्समध्ये चोरून हात घातला तो मी, त्यांनी नाही.

बाई शनिशिंगणापूरच्या. घराला दार नाही, चौकटीला नुसता पडदा, आणि त्या पडद्याआड या बिनघोर झोपतात. पण गावाची शीव ओलांडली की कुणावर म्हणून विश्वास नाही. नगरला माझ्याकडे आल्या तरी दुधाची पिशवी उजेडाला धरून बघणार. माझा मुलगा आणि त्यांची लेक नोकरीला व्हिएतनामात, म्हणून आम्ही दोघी विहिणी तिकडे निघालो, तर विमानातल्या पोरीला यांनी दोनदा बजावलं, "डायवरला इचार, रस्ता ह्योच हाय का!" मुलाच्या घरी दाराला कडी लावून वर खुर्ची टेकवायच्या. "दार हाय म्हंजे चोर हाय," हे त्यांचं शास्त्र.

तिथं सुनेच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न निघालं. खेड्यातलं घर, अंगणात मांडव. भटजी नाही, होम नाही. लाल झग्यातली नवरी आणि नवरा थोरामोठ्यांना वाकून चहा देत होते, तेच लग्न. विहीणबाईंचे डोळे बारीक झाले. "चहावर लगीन? आमच्यात चहावर नुसती बघाबघी हुती!" मग वरपक्षाच्या तबकांवरची लाल कापडं निघाली, तर आत विड्याची पानं आणि हिरव्या सुपारीचा भला मोठा घड. "मंग ठीक हाय," म्हणाल्या, पण पर्स छातीशीच. मधूनच चेन उघडायची, आत बघायचं, लेक-जावयाकडे बघायचं, चेन बंद. आणि आमच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये एक चिमुकला कप कमी!

माझा संशय तसा जुनाच. आमच्या मुलांचं लग्न लॉकडाऊनमध्ये नगरला घरातच उरकलं. यांचं गाव बंद. पोटच्या मुलीचं लग्न बाईंनी मोबाईलवर पाहिलं. आणि मी शहाणी तेव्हा घरभर म्हणत फिरले, मानपान चुकवायला बरं निमित्त सापडलं! तेच डोकं घेऊन मी आता परदेशी बसले होते. कप यांच्या पर्समध्ये सापडला तर मुलाची त्याच्या माणसांत काय शोभा होईल!

इतक्यात त्या हात धुवायला उठल्या. तोंडी आलेला घास कुणाला न दाखवणाऱ्या या बाईनं जन्मात पहिल्यांदा पर्स दुसऱ्याच्या मांडीवर ठेवली. "तुमीच धरा."

त्या वळताच मी चेन ओढली. आत कप नव्हता. रुमालाची एक पुरचुंडी होती, आणि तिच्यात अक्षता. हळद पार फिकी पडलेल्या.

मान वर केली तर विहीणबाई समोर उभ्या.

"त्या दिवसाच्याच हायेत," त्या म्हणाल्या. "मोबाईलवर कशा टाकनार? कुटं मांडवाला जायचं झालं की संगं नेते. म्हनलं, आज लेक-जावई एका मांडवात हुबी हायेत, टाकाव्या गुपचूप."

कप माझ्याच खुर्चीखाली होता. चहा पिऊन मीच ठेवला होता. त्यांनी पुरचुंडी सोडली, माझा हात ओढून ओंजळीत अक्षता ओतल्या आणि म्हणाल्या,

"आमच्या घराला दार न्हाई, विहीणबाई. नुसतं इचारलं असतं तरी दावलं असतं. घ्या निम्म्या, पोरगा तुमचाबी हाय."