दांडा की बटण

माझा उजवा खांदा धरला त्याच वर्षी आमच्या कारखान्याला जेट बोटींचं काम मिळालं. तेव्हापासून जो तो माझ्याशी बोलताना तोंडाकडे बघायचं सोडून खांद्याकडे बघायला लागला. मला त्याचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

मी फरीदाबादला बोटींच्या कारखान्यात आहे. द्वारकेतली माझी नणंद दर वेळी विचारते, तिथे कुठे गं समुद्र? अगं बाई, पूर यायला समुद्र लागत नाही. आमच्या बोटी पुरात अडकलेली माणसं काढायला जातात. सुकाणू, वेगाचा गॅस, केबली बसवणं हे माझं काम, आणि बोट तयार झाली की यमुनेत नेऊन चालवून बघणं हेही माझंच. हे दुसरं काम मला कुणी दिलेलं नाही, मी ते भांडून घेतलंय. माझे वडील फौजेत बोटी चालवायचे. कॅन्टोन्मेंटमधल्या बाकीच्या मुली भरतकाम शिकत होत्या तेव्हा मी इंजिनाची दोरी ओढायला शिकत होते. बाई चाचणीला बसते म्हणून सुरुवातीला लोक काठावर उभे राहून मजा बघायचे. मग कंटाळले.

जेट बोट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. तिला खाली पंखा नसतो, त्यामुळे पाण्यातल्या माणसाला लागायची भीती नाही. पोटातला पंप पाणी खेचतो आणि मागच्या नळीतून जोरात बाहेर फेकतो, त्या धक्क्याने बोट पळते. नळीचं तोंड जरा वर केलं की बोटीचं नाक उचलतं, खाली केलं की दबतं. याला ट्रिम म्हणतात. पुढे वजन जास्त झालं आणि नाक वेळेवर उचललं नाही, तर बोट पाण्यात तोंड खुपसते. संपलं मग.

हे ट्रिम हलवायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे ड्रायव्हरच्या उजव्या मांडीशी हाताचा दांडा, मधे फक्त एक केबल. मागे ओढला की नाक वर. दुसरी म्हणजे सुकाणूच्या चाकावर डाव्या अंगठ्याखाली एक बटण. ते दाबलं की मागची छोटी विजेची मोटर नळी हलवते. बोटी घेणाऱ्या सरकारी खात्याने कळवलं होतं, दोन्ही बघा आणि काय बसवायचं ते लेखी द्या. अहवाल ड्रायव्हरचा, म्हणजे माझा. त्याच्यावर सगळ्या बोटी बनणार होत्या.

मला विचाराल तर मी आधीपासून दांड्याची. विजेची वस्तू पाण्यात कधी दगा देईल सांगता येत नाही. केबल बिघडली तर समोर दिसते, दांडा कुठवर आलाय ते न बघता हाताला कळतं. हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलेय. पण खांदा धरला आणि मला केसांचा अंबाडा घालता येईना, गाडीच्या मागच्या सीटवरची पिशवी घेता येईना. लगेच कारखान्यात कुजबुज सुरू झाली, मॅडमला आता बटणच लागणार. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण हिंदीतही आहे, आणि ती माझ्या पाठीमागे दोनदा म्हटली गेली. मी बहिरी नाही.

झालं, मी हट्टाला पेटले. फिजिओथेरपीवाली सांगत होती, ताई, हात मागे ओढायचा नाही. मी म्हटलं बिल्कुल नाही ओढणार, आणि घरी येऊन दाराची कडी धरून तोच सराव केला. खांदा मागे जात नव्हता, तर मी अख्खं अंग मागे टाकायला शिकले. दांडा घट्ट धरायचा, पाठ सीटवर आदळायची, दांडा आपोआप येतो. डोळ्यांत पाणी यायचं ते येऊ द्यायचं.

पहिली चाचणी वाळूच्या पोत्यांवर झाली. खात्याचे सल्लागार आले होते, फौजेतून निवृत्त झालेले साहेब, ताठ आणि मोजकं बोलणारे. पोती बोटीच्या मधोमध रचून बांधली, मी दांड्यावर बोट नेली, वळवली, थांबवली, परत आणली. एकही चूक नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की खांदा धरलेल्या बाईला जर दांडा जमतो तर कुणालाही जमेल, बटणाचे लाड नकोत. मालक खूश. मी तर हवेतच. त्या गुर्मीत बोलून गेले, साहेब, वाळूची पोती घाबरत नाहीत, आता माणसं बसवून दाखवते.

हे मला कुणी करायला लावलं नव्हतं. माझी मीच.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली बारा माणसं लाइफ जॅकेट घालून बसवली. त्यातल्या सात बायका, पॅकिंगच्या आणि कॅन्टीनच्या, बहुतेक जणी पहिल्यांदाच बोटीत. मी बजावून सांगितलं, काही झालं तरी जागा सोडायची नाही. त्यांनी माना डोलावल्या. सप्टेंबरचं पाणी होतं, नदी भरून वाहत होती, वर जलपर्णीचे तुकडे. मी वेग दिला, आणि एका तुकड्याला चुकवून वळले तसं बाजूने चूळभर पाणी आत आलं. बस्स, एवढंच. मागच्या दोघी किंचाळून उठल्या आणि पुढच्यांना जाऊन बिलगल्या. त्यांना बघून आणखी चौघी. घाबरलेलं माणूस माणसाकडेच धावतं, त्याला बोटीचा तोल कोण शिकवणार.

नाक खाली जायला लागलं. मी दांडा धरला, पाठ टाकली, आणि हात आलाच नाही. खांद्यात कळ उठली आणि बोटं दांड्यावर असूनही दांडा तसाच. पाणी नाकावरून आत आलं, घोट्याएवढं. गॅस सोडावा तर पाण्याचा झोत थांबतो आणि जेटला दिशाच राहत नाही. शेवटी चाक सोडून डावा हात आडवा घातला आणि दांडा खेचला. नाक वर आलं, पण मोकळं चाक फिरलं आणि आम्ही जलपर्णीत जाऊन घुसलो. पंपाने ती पानं ओढली आणि बोट थांबली. कुणाला लागलं नाही. कॅन्टीनच्या मावशींची एक चप्पल गेली.

दोरी टाकून आम्हाला काठावर ओढलं तेव्हा सगळे हसत होते, सुटका झाल्यावर हसतात तसे. साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला की प्रवाशांनी शिस्त मोडली, ड्रायव्हरचा दोष नाही, पोत्यांची चाचणी धरा आणि दांडा पक्का करा. बिचाऱ्या बायका खाली माना घालून उभ्या. मावशी मला येऊन म्हणाल्या, हमारी ही गलती है मैडम. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, सुटले असं वाटलं. हात आला नाही हे फक्त मला माहीत होतं. आणि मालकांचा नियम मला चांगला ठाऊक होता, चाचणीचा ड्रायव्हर धडधाकट हवा. मी तोंड उघडलं तर मी भांडून मिळवलेली सीट गेली.

घरी अण्णा होते, माझे वडील, आता माझ्याकडेच असतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बायका उठल्या हे खरं आहे ना, मग तेवढंच लिही, हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस. आणि मग मला धीर द्यायला म्हणून त्यांची गोष्ट सुरू केली, पुरातल्या ड्युटीची. पहिला दिवस निघायचा कसातरी, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हात वर उठायचाच नाही. इंजिनाचा दांडा काखेत दाबून, अंगाने ढकलत बोट चालवायचे. तीन जणांची तीच गत. पण माणसं काढलीच, असं छाती काढून म्हणाले.

मी ताटावरून उठले. अण्णा घाबरले, काय झालं गं? काय झालं म्हणजे! पन्नाशीतल्या बाईचा खांदा, पन्नाशीतल्या बाईचा खांदा म्हणून मी जो महिनोन् महिने लपवत होते, तो पंचविशीतल्या तगड्या जवानांना दुसऱ्या दिवशी दुपारीच येत होता! मी त्यांना म्हटलं, अण्णा, तुमच्या बोटीतून कुणी पाण्यात पडलं का हो कधी? त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "एकदा." आणि तोंड फिरवून बसले. चाळीस वर्षांत हा शब्द त्यांनी कधी काढला नव्हता. मी पुढचं विचारलं नाही.

सकाळी ऑफिसला जाऊन अहवाल लिहिला. प्रवासी पुढे सरकले, ते सरकणारच. ड्रायव्हरचा उजवा हात दांडा ओढू शकला नाही. ड्रायव्हरचा खांदा आधीपासून धरलेला आहे आणि ही गोष्ट तिने लपवून ठेवली होती. बटण बसवावं, आणि वीज गेली तर म्हणून खाली दांडाही ठेवावा. खाली सही.

मालक माणूस वाईट नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजावलं, मॅडम, खांद्याची ओळ काढून टाका, तांत्रिक कारण घाला, नाहीतर मला तुम्हाला उतरवावं लागेल. मी म्हटलं, ती ओळ काढली तर उरलं काय? बटण कशासाठी, हे सांगणारी तीच एक ओळ आहे. मी साहेबांना फोन लावून अहवाल सांगितला तर ते चिडले. एका खांद्यासाठी सरकारने बोट बदलायची का, असं विचारलं. मी जन्मभर फौजी लोकांत वाढले, त्या आवाजापुढे आपोआप ताठ उभं राहायची सवय आहे मला. ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, हा खांदा माझा एकटीचा नाही. पुराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या प्रत्येक ड्रायव्हरचा खांदा असाच असतो. तुम्ही चाचणी पहिल्या दिवसाच्या माणसावर करताय." मग ते म्हणाले, दाखवा.

आठवड्याने बटणाची बोट तयार झाली. चाचणीच्या फॉर्मवर मालकांनी दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव आधीच टाइप करून आणलं होतं. चांगला आहे तो, धडधाकट आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण मी काठावर सगळ्यांच्या देखत ओढणी काढली आणि मावशींना सांगितलं, माझा उजवा दंड बरगड्यांना बांधा, घट्ट. कोपरापासून खालचा हात मोकळा राहू दे, गॅसला तेवढा पुरतो. त्यांनी गाठ मारली. मग मी त्याच बारा जणांना बसवलं आणि या वेळी सांगितलं, मी हाक मारली की सगळे उठा आणि पुढे धावा. साहेबांना म्हटलं, तुम्हीही चला, तुमची जागा पुढे, नाकाशी. मालक नको नको म्हणत होते. साहेबांनी एकदा माझ्या ओढणीकडे बघितलं आणि मुकाट्याने जॅकेट चढवलं.

मधोमध गेल्यावर मी हाक मारली. सगळे पुढे धावले, साहेबांच्या अंगावर. नाक खाली गेलं. मी डावा अंगठा दाबून धरला. एक क्षण काहीच झालं नाही, आणि तो क्षण मला फार लांब वाटला. मग नाक वर यायला लागलं. पाणी आत आलं नाही. मी पुन्हा वळले आणि पुन्हा हाक मारली.

काठावर उतरल्यावर मी ओढणी न सोडता फॉर्म मागितला. टाइप केलेलं नाव खोडून माझं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ड्रायव्हरचा उजवा खांदा निकामी, बोट व्यवस्थित चालली. कागद मालकांपुढे धरला. आता मला उतरवायचं असेल तर याच्याखाली सही करून उतरवा, म्हटलं. ते साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या नावाखाली स्वतःची सही केली आणि ड्रायव्हरचं नाव बदलू नये असं शेजारी लिहिलं.